फडक्यातून गाळलेला आवाज

माझं निम्मं आयुष्य लोकांना 'जरा मागं सरका' म्हणण्यात गेलं आणि उरलेलं निम्मं 'जरा पुढं या' म्हणण्यात. माईकच्या धंद्यात यापेक्षा फार काही नसतं. कीर्तनकार माईक बघून बिचकतात आणि दोन हात लांब उभे राहतात. पुढारी इतके जवळ येतात की तो खाऊन टाकतील की काय अशी भीती वाटते. सत्काराला आलेल्या पहिलवानाला दोन शब्द बोला म्हणावं, तर तो माईकची मानगूट अशी धरतो की मला माझ्या मानेची काळजी वाटायला लागते. सांगलीत माझ्या दुकानाच्या पाटीवर 'रेडिओ, ग्रामोफोन व ध्वनिक्षेपक दुरुस्ती' असं झोकात लिहिलेलं होतं, पण गावानं मला कायम 'कर्णेवाला दत्तोबा' म्हणूनच ओळखलं. लग्नाला, उरुसाला, कुस्त्यांच्या मैदानाला कर्णे बांधायचे, यावर माझं पोट चाले.

संपादकांनी या अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहायला सांगितलं, तेव्हा मला वाटलं होतं की एखादा गवई आठवेल, नाहीतर एखादी गाजलेली सभा आठवेल. तसं झालं नाही. आधी बापूराव आठवले आणि त्यांच्या मागोमाग 'फ' हे अक्षर आठवलं.

बापूराव मूळचे आष्ट्याचे. सिनेमा मुका होता त्या काळात तंबूत पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा एक माणूस असे. पडद्यावर राक्षस आला की हा गर्जे, राणी रडली की हा रडे, घोडे धावले की हाच टापा वाजवी. बापूरावांनी ऐन उमेदीची सगळी वर्षं हे काम केलं. आष्टा, इस्लामपूर, कऱ्हाड, मलकापूर, पार वाईपर्यंत त्यांचा तंबू फिरायचा. लोक सिनेमा बघायला जात नसत, बापूरावाला ऐकायला जात, असं जुनी माणसं सांगायची. आमची सांगली म्हणजे नाटकवेडं गाव. इथले लोक बापूरावांना चक्क वन्स मोअर देत. आता फिल्म काही मागं फिरवता येत नाही. मग पडद्यावर पुढचा प्रसंग चालू असायचा आणि बापूराव मागचं वाक्य पुन्हा म्हणायचे. राणी ताटावर बसून पुरणपोळी खायची आणि हुंदके देऊन रडायची. लोकांची त्याला काही हरकत नसे.

पुढं बोलपट आले. पडदा स्वतःच बोलायला लागल्यावर शेजारी उभ्या माणसाला कोण विचारणार? माझी त्यांची ओळख झाली तेव्हा ते एका थिएटरच्या दारात तिकिटं फाडत असत. दुपारचं काम नसलं की माझ्या दुकानात येऊन बसायचे. दातांनी साथ सोडली होती, पण आवाज अजून जागेवर होता. नुसतं 'चहा मागवा' म्हणाले तरी रस्त्यावरचा माणूस वळून बघे.

एकदा मी रेकॉर्डींची खोकी आवरत होतो. बापूराव बघत होते, ते म्हणाले, "दत्तोबा, ह्यातली किती मानसं मेलेली असतील?"

"असतील बरीच."

"पर बोलत्यात अजून." त्यांनी एक रेकॉर्ड उजेडाकडं धरून तिच्या रेघा पाहिल्या. "मी रोज दोन खेळ बोललो. वर्सानुवर्सं. त्यातला एक सबूद कुटं ऱ्हायला न्हाई बगा. सगळा तंबूच्या कापडातनं भाईर ग्येला."

हे ते हसत म्हणाले, पण माझ्याकडं न बघता. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून बापूरावांचा आवाज कुठंतरी उमटवून ठेवायचा, असं मी मनात धरून होतो.

लढाई संपली आणि लष्कराचं जुनं सामान बाजारात आलं. लोकांनी तंबू घेतले, बूट घेतले, जीपगाड्या घेतल्या. मी रेकॉर्ड कापायचं यंत्र घेतलं. काळा लेप दिलेली कोरी तबकडी त्यावर फिरते, समोर माणूस बोलतो आणि त्याच्या आवाजाबरोबर थरथरणारी एक सुई त्या लेपात रेघ कोरत जाते. कोरताना काळा कीस निघतो, खोबऱ्याच्या किसासारखा, आणि तो सतत झटकावा लागतो. चुकलं तर खोडता येत नाही. तबकडी गेली म्हणजे गेली.

त्याच सुमाराला जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातले एक डॉक्टर दुकानात आले. माणूस हसतमुख होता, पण प्रवासानं पार पिंजून गेलेला. त्यांच्याकडं नारूवरचा एक छोटा सिनेमा होता. नारू म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना समजावून सांगावं लागतं, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरत, तेच पाणी पीत, आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखी लांब अळी बाहेर पडे. ऐन पेरणीत धडधाकट माणूस अंथरुणाला खिळायचा. जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वभागात असं एक घर सापडायचं नाही की जिथं कुणी लंगडत नाही. उपाय मात्र सोपा होता. विहिरीत पाय घालायचे नाहीत आणि पाणी फडक्यातून गाळून प्यायचं.

डॉक्टरांचा सिनेमा मुका होता. त्याबरोबर वाजवायला एक बोलकी रेकॉर्ड त्यांना हवी होती. मजकूर त्यांनीच लिहिला होता आणि त्यात 'जनतेने वस्त्रगाळ जल प्राशन करावे' असं वाक्य होतं. मी बापूरावांचं नाव पुढं केलं. डॉक्टर म्हणाले, "माझी ना नाही. पण आवाज स्वच्छ हवा. येत्या बाजारानंतर दुसऱ्या दिवशी मी येतो. जमलं नसेल तर मुंबईहून करून घेईन."

बापूरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. पुढचे दोन दिवस दिसलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते तोंडभर दात घेऊन. मिरजेला जाऊन त्यांनी कवळी बसवून घेतली होती.

आता थोडं माझ्या कलेबद्दल. आवाज घ्यायचा म्हणजे आधी खोली गप्प करायची. माझ्या दुकानामागच्या खोलीला पत्रा होता आणि भिंती उघड्या, त्यामुळं एक शब्द बोलला की तो चार भिंतींना आपटून परत यायचा. यावर आमच्या मुलखातला उपाय म्हणजे घोंगडी. बाजाराला पूर्वभागातून हौसाबाई नावाची एक धनगरीण घोंगडी विकायला यायची. मी तिची सगळी घोंगडी दिवसभरासाठी मागून घेतली आणि चारी भिंतींना टांगली. खोलीला मेंढरांचा वास आला, पण आवाज असा मुका झाला की स्वतःचा श्वास ऐकू यावा. फक्त एक अडचण झाली. घोंगड्यांबरोबर हौसाबाईही आत आली. "माल हाय माजा. माल हितं आन् मी भाईर, आसं कसं?" म्हणत ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली. कुणासमोर गप्प बसायची सवय तिला नव्हती. एरवी मी तिला बाहेर काढलं असतं, पण बोलता बोलता कळलं की तिचा थोरला मुलगा नारूनं तिसरा महिना अंथरुणावर होता. मग मी तिला बसू दिलं.

माझ्याकडं माईक दोन होते आणि तिसरा मी मागून आणला होता. माईक हे माणसांसारखेच असतात, प्रत्येकाची खोड वेगळी. पहिला कार्बनचा, लष्करी. आत कोळशाचे बारीक कण असतात, ते आवाजानं हलतात. मधूनमधून ते गोळा होऊन बसतात, मग बोटानं टकटक करून त्यांना उठवायचं. धुळीत, पावसात, जत्रेत याच्यासारखा सोबती नाही. पण रेकॉर्डीत त्याच्या आवाजामागं सतत भजी तळल्यासारखी चरचर येते. बापूरावांचा नमुना घेतला आणि वाजवून दाखवला, तर हौसाबाई म्हणाली, "मानूस बोलतुय बरा, पर कडईपासनं लांब उबा करा त्येला."

दुसरा क्रिस्टलचा. आत मिठासारखा एक खडा असतो आणि उन्हाळा त्याला सोसत नाही. माझे याआधीचे दोन खडे आटपाडीच्या बाजूच्या उन्हात वारले होते. आवाज मात्र काचेसारखा साफ. फार साफ. कार्बनला जे ऐकूच येत नव्हतं ते यानं ऐकलं, आणि बापूरावांच्या नव्या कवळीतून निघणारी प्रत्येक 'स'ची शिट्टी टिपली. "सगळ्यांनी सावध असावं" एवढं ते म्हणाले आणि वाजवल्यावर वाटलं की कुणीतरी खोलीत कुत्र्याला बोलावतंय.

"कवळी काढून बोलून बघता का?" मी हळूच विचारलं.

बापूरावांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी विषय सोडला. पण थोड्या वेळानं त्यांनीच पाठ फिरवली, कवळी काढली आणि वाक्य म्हणून पाहिलं. शिट्टी गेली, पण तिच्याबरोबर त आणि द पण गेले. "दोन्हींतलं कायतरी एकच मिळनार म्हना," असं पुटपुटत त्यांनी दात पुन्हा तोंडात घातले.

तिसरा माईक रिबनचा. कोल्हापूरच्या एका स्टुडिओत माझा दोस्त होता, त्याच्याकडून गयावया करून आणला. दोन लोहचुंबकांच्या मध्ये अल्युमिनियमची चुण्या घातलेली एक पट्टी लोंबत असते, मिठाईवरच्या वर्खापेक्षा जराशीच जाड. प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीत तो मी मांडीवर उभा धरून आणला, कारण आडवा केला तर पट्टी लोळते. या माईकची दोन वैशिष्ट्यं. तो तोंडापुढून ऐकतो तसाच पाठीमागूनही ऐकतो, बाजूनं मात्र ठार बहिरा. आणि त्याला वारा सोसत नाही. फुंकर मारली तर पट्टी ताणून निकामी होते. दोस्तानं निरोप देताना एवढंच सांगितलं होतं, "वारा लागू देऊ नको, नाहीतर मला तोंड दाखवू नको."

बापूराव त्याच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी..."

मी यंत्रावरचा हात तसाच ठेवून बसलो. शिट्टी नाही, चरचर नाही. हा माईक टोकदार आवाजांना मुळातच मऊ करतो, त्यामुळं कवळीचं बिंग फुटलं नाही आणि आवाजाचा सगळा ऐवज तेवढा पुढं आला. मी लहानपणी ज्या तंबूत बसलो होतो तो तंबू मला दिसला. मी कधी नव्हे तो धंद्यात इतका खूश झालो होतो.

मग ते वाक्य आलं. वस्त्रगाळ जल आम्ही केव्हाच टाकून दिलं होतं. बापूरावांनी आपलं वाक्य केलं होतं, "पानी भरायच्या आदी घागरीच्या तोंडाला फडकं बांधा." ते 'फ'पाशी आले आणि सुई उडाली. कर्ण्यातून धडाम असा आवाज झाला. 'फ' म्हणताना तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. पट्टी मात्र शाबूत होती.

सबंध मजकुराचा कणा होता 'फडकं', आणि नेमका तोच शब्द माईकला चालत नव्हता. मी म्हणालो, "बापूराव, कापड म्हणा."

"कापड म्हंजी दुकानातलं. नव्या कापडातनं कोन पानी गाळंल?"

"वस्त्र?"

"ते देवाला."

"चिरगूट म्हणा मग."

"त्येनं चूल पुसत्यात. आवं, फडकं म्हंजी फडकंच. दुसरं कायबी म्हनलं तरी बाया इचारनार, म्हंजी फडकं का?"

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना मागं सरकवलं, तर घोंगड्यांनी गप्प केलेल्या खोलीत आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटायला लागला. तिरपं उभं केलं, तर माईक बहिरा. माझ्याकडं मी स्वतः बनवलेली एक लाकडी पेटी होती, तिची एक गुंडी फिरवली की आवाजातला खर्ज कमी व्हायचा आणि दुसरी फिरवली की वरची धार. गावातल्या हौशी गवयांवर मी ती पेटी फार वापरायचो. तिच्या जोरावर बेसुरा माणूस सुरात येत नाही, पण बेसूर जरा लांबून ऐकू येतो. खर्ज कापून 'फ'चा धक्का कमी केला. पण बापूरावांचा आवाज पोपटासारखा झाला.

शेवटी बापूराव म्हणाले, वारा सोडायचाच नाही, हलकं बोलू. श्वास आवरून त्यांनी वाक्य म्हटलं आणि 'फडकं'चं 'पडकं' झालं.

"पडकं बांदा?" कोपऱ्यातून हौसाबाई म्हणाली. "आवं, आमी पानी भराय चाललोय का घर बांदाय?"

आम्ही तिघंही हसलो, पण दिवस उतरत चालला होता. कोऱ्या तबकड्या संपत आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर येणार होते. बापूरावांच्या कपाळावर घाम आला होता. ते पुन्हा पुन्हा 'फडकं बांधा, फडकं बांधा' म्हणत होते आणि दर वेळी सुई उडत होती. एकदा ते थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ऱ्हाऊं द्या, दत्तोबा. मुंबईवाल्याचाच आवाज घिऊं द्या त्यास्नी. आपला तंबूतलाच बरा व्हता."

काहीतरी करायचं म्हणून मी नुकतीच कोरलेली तबकडी वाजवली. बापूरावांचं 'फडकं' आलं, धडाम झालं, आणि त्याच्या मागून, हळू पण अगदी स्वच्छ, हौसाबाईचा आवाज आला: "आवं, लोकास्नी कशाला सांगताय? आदी त्या दांडक्यालाच बांदा की फडकं."

ती माईकच्या पाठीमागं बसली होती आणि हा माईक पाठीमागूनही ऐकतो. ती वैतागून पुटपुटली होती आणि आम्ही कुणी ते ऐकलं नव्हतं. माईकनं ऐकलं होतं. मी ती तबकडी पुन्हा वाजवली. मग उठलो आणि तिला विचारलं, "हौसाबाई, तुमच्याकडं फडकं आहे?"

"भाकरीचं हाय. त्यात भाकरी हाय."

भाकरी तिनं पदरात घेतली आणि फडकं मला दिलं. जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन विरलेलं. घरातून पिठाची एक फाटकी चाळण आणली, जाळी काढून टाकली आणि तिच्या कड्यावर ते फडकं ताणून बसवलं. माईकपासून चार बोटांवर टांगलं. बापूराव फडक्याच्या अलीकडं, माईक पलीकडं. फडक्याऐवजी माझा जाड रुमालही लावून पाहिला, त्यानं आवाज गोधडीत घातल्यासारखा झाला. पण हे विरलेलं फडकं वारा अडवायचं आणि आवाज सोडायचं. बापूरावांनी वाक्य म्हटलं. 'फ' आला, नीट आला आणि गेला. सुई जागची हलली नाही.

"गाळला बगा," बापूराव म्हणाले. त्यांनी स्वतःच्या तोंडापुढचं ते फडकं बोटानं चाचपून पाहिलं. मग मी उरलेली शेवटची कोरी तबकडी लावली आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात सगळा मजकूर बोलले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मी रेकॉर्ड लावली तेव्हा बापूराव बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. त्यांना निकाल ऐकवेना. रेकॉर्ड संपली. डॉक्टरांनी पाणी मागितलं. मी पेला दिला, तो त्यांनी उजेडाकडं धरला आणि आत निरखून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की मी बघतोय. ते हसले आणि म्हणाले, "कुठं आहेत ते गृहस्थ? बोलवा आत."

पहिला खेळ हौसाबाईच्या गावात लावायचा असं ठरलं. डॉक्टरांची मोटार, माझे कर्णे, आणि पुढच्या सीटवर धुतलेलं धोतर नेसलेले बापूराव. दिवेलागण झाल्यावर देवळापुढं दोन बांबूंमध्ये पडदा टांगला. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका, आणि पडद्याच्या मागच्या बाजूलाही काही माणसं बसली होती, कारण तिथूनही चित्र दिसतं. सिनेमा चालू झाला, रेकॉर्ड फिरायला लागली आणि कर्ण्यातून बापूराव म्हणाले, "मंडळी..." सगळा गाव एकदम गप्प झाला. बापूराव बायकांच्या बाजूला, अंधारात, हौसाबाईच्या मुलाच्या बाजेशेजारी उभे होते.

सगळं झकास चाललं होतं. पडद्यावर एक बाई विहिरीवर आली. "पानी भरायच्या आदी घागरीच्या तोंडाला फडकं बांधा," बापूराव म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले, "फडकं बांधा."

मी यंत्रापासून लांब, प्रोजेक्टरपाशी होतो. काय झालंय ते मला तिथंच कळलं. वारा अडवला तरी त्या 'फ'नं सुईला थोडा हिसका दिलाच होता, आणि तिथली रेघ शेजारच्या रेघेला जवळजवळ चिकटली होती. चार-दोनदा वाजवून मधली भिंत झिजली आणि सुई घसरून मागच्या रेघेत पडत होती. मी माणसं ओलांडत धावलो. "फडकं बांधा," तिसऱ्यांदा आलं तेव्हा माझा हात सुईपर्यंत पोचला. बोटानं जरा पुढं ढकलली आणि मजकूर पुढं चालू झाला.

माझं तोंड पार उतरलं होतं. खेळ संपल्यावर बापूरावांना शोधलं तर ते देवळाच्या पायरीवर बसून डोळे पुसत होते. मी म्हणालो, "बापूराव, माझं चुकलं. रेघ..."

"काय चुकलं?" ते म्हणाले. "वन्स मोर पडला न्हवं मला. तेबी दोनदा. आन् ह्या आडगावात, जितं कुनी नाटक बगितलं न्हाई तितं."

रेघेबद्दल मी त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. डॉक्टर आणि मी विहिरीवर गेलो. सगळ्या नव्हे, पण बऱ्याच बायकांनी घागरीला फडकं बांधलं होतं. बांधताना प्रत्येक बाई तोंडानं म्हणत होती, "फडकं बांधा, फडकं बांधा, फडकं बांधा." बापूरावांच्या हेलात, शेवटचा 'धा' लांबवून. डॉक्टर चकित झाले. ते म्हणाले, "हे तोंडानं म्हणायची गरज नाही. नुसतं बांधा."

हौसाबाई घागर घेऊन वर येत होती. तिनं डॉक्टरांकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "आवं डाक्टर, यंत्र तीनदा बोललं. येकदाच पुरलं असतं तर तीनदा कशाला बोललं असतं?"

डॉक्टरांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. मीही यंत्रातली खोट सांगितली. पण बायका माझ्याकडं असं बघत होत्या की स्वतःच्या यंत्राला नावं ठेवणारा हा कसला माणूस. शेवटी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाऊ द्या. तीनदा म्हणेपर्यंत गाठ तरी घट्ट बसते." पुढं ती मोटार ज्या ज्या गावी गेली तिथं रेकॉर्ड लावणाऱ्याला मी सांगून ठेवलं की तिसऱ्यांदा आल्यावरच सुई पुढं ढकलायची. ती रेकॉर्ड सगळीकडं तीनदाच बोलली.

असल्या तबकड्या फार टिकत नाहीत. लेप मऊ असतो, वाजवेल तशी रेघ झिजते. काही वर्षांनी डॉक्टरांनी मला ती परत आणून दिली तेव्हा तिच्यातून नुसती खरखर येत होती. 'मंडळी' सुद्धा ऐकू येईना. बापूराव त्याआधीच गेले होते. मी ती रेकॉर्ड बरेच दिवस जपली आणि मनाशी म्हणत राहिलो की आपण त्यांचा आवाज ठेवणार होतो आणि तो काही राहिला नाही. तंबूच्या कापडातून गेला तसा लेपातूनही गेला. त्याची हुरहूर मला फार वर्षं होती.

यंदाच्या उन्हाळ्यात हौसाबाईच्या गावी एका लग्नाला जाणं झालं. आता तिथं नळ आहे. विहिरीवर लोखंडी जाळी आहे आणि लंगडणारं कुणी दिसलं नाही. कर्णे दुसऱ्याच कुणाचे होते आणि बरे बांधले होते. मांडवामागं पाणी प्यायला गेलो, तर हौसाबाईची नातसून घागर भरायला आली होती आणि तिची चिमुरडी मुलगी नळाच्या तोंडाला फडकं बांधत होती. नळाला फडकं आपल्याकडं अजून सगळीकडं बांधतात. पण ही गाठ मारताना काहीतरी पुटपुटत होती. मी वाकून ऐकलं.

"काय म्हणतेस गं?"

"फडकं बांधा, फडकं बांधा, फडकं बांधा." शेवटचा 'धा' लांब.

"असं कोण म्हणायचं?"

तिनं आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "आसंच म्हनत्यात हितं. आमच्या सासूबाई बी म्हनायच्या."

"आणि एकदाच म्हटलं तर?"

आईच्या आधी मुलगीच बोलली. "न्हाई चालत. तीनदा म्हनायचं असतंय." आणि मला नीट कळावं म्हणून ती अगदी माझ्या तोंडाजवळ येऊन पुन्हा म्हणाली. तिच्या 'फ'चा वारा माझ्या चेहऱ्यावर आला. सवयीनं 'जरा मागं सरक' असं माझ्या ओठावर आलं होतं. पण मी तसाच वाकून उभा राहिलो आणि तिचं तीनदा म्हणून होऊ दिलं.